चेंडूचं तोंड मी बांधायचो

आर्वीला कॉलेज निघालं त्याच्या दुसऱ्या वर्षी
वनस्पतिशास्त्राचे देशकर सर नागपूरहून
एक फुटबॉल घेऊन आले, टॉवेलात गुंडाळून,
आणि नियमांचं पुस्तक. त्याची शेवटची चार पानं नव्हती,
म्हणून ऑफसाइड आम्हाला शेवटपर्यंत कळला नाही.

मैदान म्हणजे जिनिंगमागचं पडीक.
गोलाचे खांब बांबूचे, वर काथ्याचा दोर;
चेंडू दोराखालून गेला की वरून,
यावर दर सामन्यात भांडण.
फक्कीच्या रेषा रोज संध्याकाळी
म्हशी घरी जाता जाता पुसून टाकायच्या.
अकरा जणांत बूट चार जोड:
गोलकीपर गफूरला अख्खी जोडी,
उरलेल्या तीन, सहा जणांत एकेक पाय.

मी अकरात नव्हतो.
वहीत माझं नाव सगळ्यात खाली, पेन्सिलीनं:
शालिक डोमाजी खंडारे, चेंडू.
सरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं,
शिवण उसवली तर कोण बघेल?
सगळा वर्ग माझ्याकडे वळला.
कुणीच काही बोललं नाही.
बाबा सोमवारच्या बाजारात चपला शिवायचे.

तर मी ब्लॅडर आत सारायचो,
सायकलच्या पंपानं हवा भरायचो,
नळीला दोरा गुंडाळून ती आत दाबायचो,
मग वादी ओवून तोंड बांधायचो, घट्ट,
गाठ आतल्या बाजूला.
रात्री जवसाचं तेल चोळून
चेंडू डालड्याच्या मोठ्या डब्यावर ठेवायचा.
घरात त्याला स्वतःची जागा होती, मला नव्हती.

पहिला सामना पुलगावला, डेपोच्या जवानांशी. नऊ.
छोटी रेल्वे इतकी हळू, की केवल पंचभाई
उतरून संत्री तोडून पुन्हा त्याच डब्यात चढला.
वर्ध्याला सहा.
सीतादही झाली, कापूस फुटला,
आणि डाव्या बाजूचा मडावी वेचणीला गेला, पंधरा दिवस.
तेवढ्यात कामठी.
कामठीची पोरं चेंडूशी बोलत होती,
आमचं तो ऐकतच नव्हता. अकरा.
सामना संपल्यावर तिथला एक म्हातारा
गफूरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,
ग्यारा गये बेटा, पर तीस तो रोके.
गफूर परतीच्या गाडीभर हेच वाक्य बोलत होता.

दिगंबर उपासनी चेंडूला हात लावायचा नाही.
थ्रो घ्यायची वेळ आली की
दुसऱ्याला खूण करायचा. पायानं मात्र
असा खेळायचा की सर पुस्तक मिटून बघत बसायचे.

अमरावतीची टीम आमच्याकडे आली तेव्हा
थंडीत दव पडून चेंडू जड झालेला.
कोपऱ्यातून केवलनं उचलला,
तो खूप वेळ वर राहिला, आणि खाली
दिगंबरखेरीज कुणीच नव्हतं.
त्यानं कपाळ पुढे केलं.

दोराखालून गेला. या वेळी भांडण नाही.

आम्ही त्याला उचलला तेव्हा बघितलं:
दोन भुवयांच्या मध्ये, गंध लावतात तिथं,
वादीची लाल खूण उमटली होती,
माझी गाठसुद्धा.
त्यानं नळावर खूप वेळ कपाळ धुतलं.
खूण गेली नाही.
घरी काय झालं त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

बाबा कुंपणाशी उभे राहून बघत होते,
दुकान गोणपाटाखाली झाकून.
रात्री चेंडू मांडीवर घेऊन त्यांनी
तोंडावरून अंगठा फिरवला.
वादी उभी राहिली व्हती, म्हणाले,
लागलं असन त्या पोट्ट्याले.
उद्यापासून मेण लावजो.

तो सामनाही आम्ही हरलो, चार-एक.

मार्चमध्ये सरांनी वहीत लिहिलं:
सामने सात. हरलो सहा. जिंकलो एक
(पुसदच्या संघाची मोटार दिग्रसजवळ बंद पडली).
गोल: त्यांचे अडतीस, आपला एक.
खाली जागा उरली होती, तिथं त्यांनी
एका गवताचं चित्र काढलं,
जे म्हणे फक्त आमच्याच मैदानात उगवायचं.

दोन वर्षांनी व्हॉल्व्हचा चेंडू आला,
गोल गरगरीत, कुठेच तोंड नसलेला.
मी तो हातात घेऊन
नुसताच फिरवत राहिलो.