माझ्या हातून

ग्रिम्सबीच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
दुभाष्यांसाठी एक बाक आहे आणि एक बंद पडलेला हीटर.
केतेवान जॉर्जियन, झ्बिग्न्येव पोलिश, मी मराठी.
पुकारा होईपर्यंत आम्ही विभक्त्यांच्या चहाड्या करतो.

झ्बिग्न्येव सांगतो, आमच्यात "नाही" म्हटलं
की कर्माचा चेहरा पडतो.
असलेल्या पैशाचं रूप वेगळं, नसलेल्या पैशाचं वेगळं.
केतेवान म्हणते, आमच्यात काम उरकलं
की कर्त्याला शेपूट फुटतं.
आमच्यातही! तो कप फोडतो,
पण फुटल्यावर विचाराल तर: त्याने फोडला.
मी आणि तू तेवढे बिनशेपटाचे.
"आमच्यातही!" ती इतक्या मोठ्यांदा ओरडते
की शिपाई ओठांवर बोट ठेवतो.

मग हरेश्वर तांडेल.
मासळी गोठवायच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो.
इस्त्रीचा शर्ट, तरी बाहीला बांगड्याचा वास.
काय झालं, असं विचारल्यावर
तो कठड्याकडे बघत म्हणाला,
"माझ्या हातून पाय मोडला त्याचा."

हातून.
घरून, गावाहून, तसं हातून.
हात म्हणजे नुसतं ठिकाण,
जिथून ती गोष्ट निघाली आणि दुसऱ्याच्या पायावर पोचली.
या पंचमीत कबुली आहे, हेतू नाही.

इंग्रजीपाशी विभक्त्या फारशा उरल्या नाहीत, रांग आहे.
रांगेत पहिला उभा असतो त्याने केलेलं असतं.
मी तीन सेकंद गप्प राहिले.
कोर्टात तीन सेकंद फार होतात.
मग जमेल तसं हातासकट सांगितलं.
"हात?" न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला,
"फोर्कलिफ्ट होती ना?"
मी खुलाशाची परवानगी मागितली.
अर्धा मिनिट मिळाला.
पाणिनीलाही पुरला नसता.

पुढची तारीख पडली.
जिन्यात हरेश्वर म्हणाला, "बाई, बरोबर सांगितलंत ना?"
मी मान हलवली. कुठल्या बाजूला, आठवत नाही.

संध्याकाळी क्लीथॉर्प्सच्या बसमध्ये आईचा फोन.
समुद्र मैलभर आत गेलेला, नुसता चिखल चकाकत होता.
वर्ष झालं तरी तिचा प्रश्न तोच:
"लग्न मोडलं, की तू मोडलंस?"
त्या शेवटच्या स-वर ती नख रोवते.

मला तो आवडायचा, आई.
तिथे मी कर्ता नव्हतेच,
मला -ला होता, जसा तहानेला असतो, तापाला असतो.
हे बोलले नाही. म्हणाले, "मी मोडलं."

खुर्ची मोडली, पाय मोडला, लग्न मोडलं.
क्रियापद मोडलेल्याकडे बघतं.
मी म्हणणारी बाई की बाप्या,
इतकंही विचारत नाही.

पलीकडे आई गप्प.
तीन सेकंद. मी मोजले.