उतरल्यावर चालायचं किती

वैजूनं वाटेचा कागद पाठवलाय.
तीन वाटा, तीन रंगांच्या शाईनं.
चष्मा पुसून मी तो
वेबिल वाचावं तसा वाचतो,
वरून खाली, मग बेरीज.

कोल्हापूर ते मुंबई, ह्यात वाद नाही.
रूळ इथंच संपतात.
पश्चिमेला जायचं तर स्टेशनातून बाहेर येऊन
माणसाला एस्टीच धरावी लागते.
एकतीस वर्षं मी ती धरून होतो:
बालिंगा, कोपार्डे, कळे, साळवण, गगनबावडा.
झोपेतपण सुट्टे पैसे मागायचो, म्हणते ही.

मुंबई ते पॅरिस विमान. तेही ठीक.
पुढं तीन फाटे.

हिरवी शाई: मोटार. जावई न्यायला येणार,
पाच तास.
चहाला कुठं थांबायचं, लिहिलेलं नाही.

निळी: रेल्वे. ओस्तरलित्झ नावाच्या स्टेशनातून ब्रीव्ह,
साडेचार तास, खिडकी मिळाली तर बरं,
तिथनं मोटारीनं चाळीस मिनिटं.

लाल: छोटं विमान. तासाभरात ब्रीव्ह,
पण रोज नाही.
म्हणजे आठवडी बाजाराची गाडी.
शेजारचा रावसो म्हणतो, लालच धर,
चढउतार कमी.
रावसो आयुष्यात निपाणीच्या पुढं गेलेला नाही.

गावाचं नाव लिहायला चौदा अक्षरं,
बोलायला दोन.
उरलेली बारा कुठल्या थांब्यावर उतरतात,
असं फोनवर विचारलं तर वैजू हसली.
पुष्कळ दिवसांनी.

तिथं उन्हाळ्यात शहरातली माणसं येतात,
गाड्यांच्या पाठीवर सायकली बांधून,
काहीच ऐकू येऊ नये म्हणून.
वैजू आणि जावई अक्रोडाच्या बागेतल्या
दोन खोल्या त्यांना भाड्यानं देतात.
हा कागद मुळात त्यांच्यासाठीचा.
आमच्यासाठी तिनं तो मराठीत केला
आणि शेवटची ओळ खोडायची राहिली:
आपले स्वागत आहे.
खोली सकाळी दहापर्यंत रिकामी करावी.

मी ती ओळ अक्काताईला वाचून दाखवली नाही.
अंगठ्याखाली धरली.
फुकट प्रवाशाचा पास धरावा तशी.

ती मात्र शाईच्या रंगांत शिरलीच नाही.
हातातली मेथी निवडता निवडता म्हणाली,
ते सगळं असू दे.
उतरल्यावर चालायचं किती?

एकतीस वर्षं हाच प्रश्न,
डोक्यावर बोचकं, एक पाय पायरीवर,
आणि मी घंटी द्यायच्या घाईत म्हणायचो,
हे काय, जवळच हाय की.
कधी जवळ असायचं, कधी मैलभर चढ.
मी कुठं उतरून बघितलं होतं?

म्हणून पुन्हा फोन लावला.
विचारलं.
तिकडं जरा वेळ नुसता वारा.
मग, "थांबा आण्णा, मोजतो,"
कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं,
नऊ वर्षांनंतरही.

खडीचा आवाज. फाटक. परत खडी.
एक पायरी, बहुतेक दगडाची.
आम्ही दोघं श्वास धरून,
जसं काही तीच चालत इकडं येतीय.

"त्रेपन्न," ती धापा टाकत म्हणाली.
"आईच्या पावलानं साठ धरा.
मध्ये एक कुत्रं हाय, पण ओळख झाली की गप बसतं."

मी पेन घेतलं,
दहा वाजताच्या ओळीवर काट मारली
आणि खाली लिहिलं: साठ.
गाडी कुठली, ते अजून ठरलेलं नाही.
अक्काताईचं म्हणणं, आधी विचारा,
कुत्र्याला भाकरी चालती का.