एक जानेवारी

माझा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा.
मामेभावाने ड्रॉवर आवरताना दिला,
"बघ, चालतोय का."
चालतो. फक्त आतलं घड्याळ मेलंय.
सेल बदलले की विचारतो, आज तारीख काय?
मी 'रद्द' दाबतो,
मग तो आपल्या समजुतीने
प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात
नारिंगी आकड्यांत लिहून टाकतो:
०१.०१.२००४

तिबिलिसीत अकरा दिवस राहिलो,
अकराही एक जानेवारी.
गंधकाच्या हमामांचे विटांचे घुमट,
पुलावरून म्त्क्वारीत गळ टाकून बसलेले तिघे,
आणि नाणं टाकल्याशिवाय न हलणाऱ्या लिफ्टसमोर
खिसे चाचपणारा एक जाडा गृहस्थ,
सप्टेंबरच्या उन्हात घामेघूम, एक जानेवारीला.

बटण दाबलं की हा आधी विचार करतो.
तेवढ्यात कुत्रं निघून जातं, शेपूट उरते.
पाववाला भट्टीत कमरेपर्यंत वाकतो,
फोटोत येतात त्याच्या चपला.
हसणारी माणसं हसून झाल्यावर येतात.
माझं बोटही येतं कधी कधी, गुलाबी ढगासारखं.

चुगुरेतीत एका सामाईक अंगणात शिरलो.
वर लाकडी गॅलरी, लोखंडी खांबाचा टेकू दिलेली,
तिच्यावर द्राक्षवेल, दोरीवर एकच निळी चादर
आणि मागे अर्धवट उघडं दार.
दाबलं. त्याने विचार केला. निघाला.
"कोण रे?" अशा अर्थाचं काहीतरी वरून आलं.
त्सित्सिनो. एका हातात वांगं, दुसऱ्यात सुरी.
नात तेकले खाली सायकलची चेन बसवत होती,
काळ्या बोटांची दुभाषी.

म्हातारीने चष्मा लावला.
घर पाहिलं नाही, वेल पाहिली नाही,
नख टेकवलं थेट नारिंगी आकड्यांवर.
मी म्हटलं, खोटंय ते, घड्याळ बिघडलंय.
तेकलेने सांगितलं. माझ्या वाक्यापेक्षा
तिचं वाक्य बरंच लांब झालं.
मग मला कळलं ते एवढंच की
हा फोटो कागदावर हवाय.

स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला,
"तारीख कापू? घाण दिसते."
काप म्हटलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने फोटो घेतला,
उलटा करून मागची बाजूही बघितली.
"आकडे कुठायत?"

तेकले सायकलला टेकून म्हणाली,
आजोबा त्या वर्षीच्या मार्चमध्ये वारले.
मी तेव्हा जन्मले नव्हते.
त्यांचं नाव गेला.
लांडग्यावरून ठेवतात आमच्याकडे.
मी मान हलवली.
माझ्या भाषेत त्या नावाचं काय होतं
ते सांगितलं नाही.

परत स्टेशन. परत तोच दुकानदार.
"काल कापलेलं आज जोडायचं?" म्हणाला,
आणि पैसे मात्र पुरते घेतले.

तिने फोटो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.
बराच वेळ बोलत राहिली, फोटोशीच बहुधा.
वेलीला घोस लटकलेले, हिरवीगार पानं,
जानेवारीत!
हे तिला दिसत नव्हतं असं नाही.
तिने एक पान बोटाने झाकलं
आणि हसली.

तेकले हळू आवाजात सांगत गेली:
आजी म्हणते, नव्या वर्षाला
उंबऱ्यात पहिलं पाऊल आजोबांचंच असायचं.
पहाटे मुद्दाम बाहेर पडायचे,
हातात काहीतरी गोड घेऊन परत यायचे.
आजी म्हणते, त्या दिवशीही
गेला पाव आणायला गेला होता,
म्हणून फोटोत नाही.

आजी म्हणते, दार बघ ना,
उघडंच ठेवलंय.