भिंतीवरची रेघ

दहा मार्कांसाठी गेलो होतो, खोटं कशाला बोलू.
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गणितानं दगा दिला,
सर म्हणाले, सेवा योजनेत नाव घाल,
तास भरले की वाढीव गुण.
म्हणून जानेवारीत
कासारओढ्याच्या शाळेत सतरंजी टाकली,
छातीवर चाकाचा बिल्ला,
नाकात रात्रभर शेजारच्या गुऱ्हाळाचा वास.

पहिल्या दिवशी गटार उपसलं.
दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा प्लास्टिक.
आदगोंडा पाटील कट्ट्यावरनं म्हणाले,
"दरसाल येतायसा, फोटो काढतायसा, जातायसा.
नदी मातूर मुक्कामाला येती."

रात्री रिझवाना जमादारनं वही उघडली.
ती शिरोळकडची,
दोन पूर पत्र्यावर बसून बघितलेली.
म्हणाली, गटार राहू दे.
पाणी कुठवर आलं होतं त्याची घराघरावर रेघ मारूया,
आणि पुन्हा आलं तर
कुणाला आधी उचलायचं, ते लिहूया.

निळ्या ऑइलपेंटचा एक डबा. दोन ब्रश, एक टकला.
तांबोळ्यांच्यात रेघ स्विचबोर्डाच्या वर गेली,
कुंभारांच्यात देवळीतल्या देवांच्या गळ्याला लागली,
तालमीत आरशाच्या मधोमध.
पैलवान वाकून बघत म्हणाला,
"आता रोज बुडल्यागत दिसणार की रं मी."

वहीत रिझवानाचं बारीक अक्षर:
दादू सुतार, एक पाय. पाठुंगळी.
उर्मिला, सातवा महिना. पावसाळ्यात कडेवर बाळ असेल.
शांतव्वा, ऐकू येत नाही.
हाका मारत बसू नये, खांद्याला हात लावावा.

हौसाक्का मगदूम भिंतीला टेकून उभी राहिली.
मी तिच्या पांढऱ्या केसांच्या वर ब्रश टेकवला.
"आनि वर," म्हणाली.
स्टूल आणलं.
"आनि वर. कनगीवर हुबी हुते मी, रातभर."
मग खाली बघून, "वाकडी मारलीस."

नाव लिहिलं, वय लिहिलं.
ती म्हणाली, "आदी म्हस लिव."
मी म्हणालो, आक्का, रकाना माणसांचा आहे.
"मग माजं बी खोड.
गेल्या बारीला नाव आली हुती दाराला.
म्हस ऱ्हातीया म्हनून मी बी ऱ्हायले.
तिला सोडून मी काय करू, तिकडं शाळंत जाऊन?"

मी रिझवानाकडं बघितलं.
तिनं पट्टी घेतली नाही,
हातानंच एक उभी ओळ ओढली, वाकडी,
आणि पहिल्या जागी लिहिलं:
म्हैस, चंद्री. मग मालकीण.

सातव्या दिवशी समारोप. हार, नारळ, फोटो.
वही ग्रामपंचायतीत ठेवली तेव्हा
शिपायानं तिच्यावर चहाचा कप ठेवला.
मी मनात म्हटलं, झालं.

ऑगस्टात राजाराम बंधारा बुडाला,
कोल्हापुरात माझ्या खोलीत लाइट नव्हती,
फोन चार टक्क्यांवर.
त्या रात्रीचं मला पुढं कळलं.
तालमीतली पोरं ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन निघाली,
पैलवानाच्या हातात वही, कपाच्या डागासकट,
दुसरा टॉर्च धरून मोठ्यानं वाचतोय.
दादूला पाठीवर घेतलं.
शांतव्वाच्या खांद्याला हात लावला.
हौसाक्काच्या दारात कुणी तिला काही बोललंच नाही,
सरळ गोठ्यात शिरले.
चंद्री ट्रॉलीत चढली,
आणि मागोमाग म्हातारी,
दावं हातात, दुसऱ्या हातात घमेलं,
कुरकुरत, पण आली.

पाणी आमच्या रेघेच्या चार बोटं खाली थांबलं.
त्यात आमचा हात काही नव्हता.

गुण मिळाले. पास झालो.
तासांच्या तक्त्यात मी एकशेवीस लिहिले,
सरांनी सही केली.
ती ऑगस्टातली रात्र कुणाच्या तासांत धरायची
हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

परवा अनोळखी नंबरवरनं फोन.
"वाकडी रेघवाला न्हवं का तू?
चंद्री याली. रेडी झाली.
वहीत एक वाढीव."