पहिली सात मिनिटं

मनामातल्या या जुन्या थेटरात
एकोणीस वर्षं बॅटरी धरतोय मी.
मल्याळम, तमिळ, हिंदी, कधीमधी अरबी,
शेकड्यांनी सिनेमे पाहिलेत,
प्रत्येकाची पहिली सात मिनिटं.
मग उशिरा येणारे संपतात,
दार लोटून घ्यायचं
आणि बाहेर इंटरव्हलचे समोसे गरम करायचे.

त्यामुळे शेवट मला विचारू नका.
कोण मेलं, कुणाचं लग्न लागलं,
कोण सामान बांधून गावी गेलं, ठाऊक नाही.
पण माणूस उघडतो कसा, ते सांगतो.

डायरेक्टर कच्चा असला
की हिरो दार तोडून येतो,
मागून वारा, पुढ्यात चार जण आडवे.
पक्का असला तर तोंडच दाखवत नाही आधी.
हात दाखवतो.
हात चहातली माशी बोटाच्या टोकावर काढतात,
फुंकर घालून खिडकीत ठेवतात,
आणि तोच चहा पितात.
झालं. आता हा पुढे खून का करेना,
थेटर त्याच्या बाजूचं.

पुतण्या फैजान खेडहून फोन करतो.
शॉर्ट फिल्म करायचीय म्हणे,
चाचा, ओपनिंग सुचव.
त्याला ऑगस्टातली गोष्ट सांगितली.

शुक्रवार, दुपारचा शो.
बाहेर हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर.
आत नावं पडायला लागलेली.
एक जण आला, कंपनीचा निळा डगला,
तिकीट दोन्ही हातांनी पुढे केलं
जसं काही अर्जच देतोय.
मी सवयीनं उजेड त्याच्या पायांवर टाकला.

अनवाणी.

सिमेंटचे बूट पिशवीत,
पिशवीला गाठ, पिशवी पोटाशी.
"गालिचा खराब होईल," म्हणाला, हिंदीत, हळू.
आमचा गालिचा!
ज्यात एकोणीस वर्षांची पेप्सी मुरलीय.

तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी दार तोडून आलं.
शिट्ट्या झाल्या.
मी बॅटरी विझवायची विसरलो.

कडेची खुर्ची होती त्याची.
बसला, आणि नावं संपायच्या आत झोपला
एसीच्या झोतात, तोंड उघडं,
बूट मांडीवर, लेकरू घ्यावं तसे.

मस्त, फैजान म्हणाला. पुढे?

पुढे मी समोसे गरम केले.
शो सुटला तेव्हा दुसऱ्या दारावर होतो.
परत आला नाही तो.
किंवा आला असेल, बूट घालून,
मीच ओळखलं नसेल.

ही काय गोष्ट झाली, चाचा?
चिडला पोरगा.
मग बराच वेळ लाइनीत नुसती खरखर.
मग म्हणाला, पण कॅमेरा ठेवू कुठे?

जमिनीवर ठेव, म्हटलं.
आणि बॅटरी धरणाऱ्याचं तोंड
दाखवू नकोस इतक्यात.
हात चालतील.
सेल उतरत आलेत, उजेड थोडा पिवळा पडतो,
तेवढं दिसू दे.