हातउसने

करार एका पानाचा.
वर वास्कोच्या क्लबाचा शिक्का,
खाली माझी सही, खजिनदार म्हणून,
मध्ये नाव: मेल्रॉय कुलासो, गोलकीपर, वय एकोणीस, राहणार बेतूल.
मुदत एकतीस मार्च.
पगार त्यांचा, भात आमचा.
कलम सहा: मूळ क्लबाविरुद्ध खेळवू नये.

ते मी नीट वाचलं नव्हतं.
दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाशी असलेला माणूस
कलमं वाचत नाही, उंची वाचतो.
सहा फूट एक.

खोली दिली पिठाच्या गिरणीवर.
सकाळी खाली उतरायचा केसांवर पांढरी पूड घेऊन
आणि बसस्टँडवर भाजीपाव खायचा, दोन प्लेट.
मी लिहायचो: भाडे, भाजीपाव,
फोंड्याला बुटांची शिलाई, ऐंशी रुपये.

चिऱ्यांच्या कुंपणावर बसलेलं शिरोडं म्हणालं,
आला आयत्या बिळावर नागोबा.
बीळ होतं गोकुळदासचं.
तो गॅस सिलिंडरचा टेम्पो चालवतो,
अकरा वर्षं आमच्या जाळ्यापुढे उभा,
त्यातली नऊ कुणी मोजली नाहीत.
बाकावर जाऊन बसला. बोलला काही नाही.
सरावाला मात्र रोज आला,
आणि पोराला दाखवलं
पश्चिमेच्या खांबापाशी चेंडू उगाच का उडतो:
खाली शेताचा जुना बांध आहे,
मैदान झालं तरी तो गेलेला नाही.
हे करारात नव्हतं.

मग सावर्ड्याविरुद्ध मेल्रॉयने पेनल्टी अडवली
आणि दुसऱ्याचं कार्टं
एका दुपारीत आपला बाब्या झालं.
देसायांकडून डब्यात खतखतं यायला लागलं.
पाच सामने, अकरा गुण.
मी रात्री दिवा मालवून म्हणायचो, हे उसनं अवसान.
पण शेजारणीकडून आणलेलं विरजण
आपल्या दुधात लागलं,
तर दही कुणाचं?

शेवटचा सामना वास्कोच्या राखीव संघाशी.
बरोबरी पुरे होती.
आणि कलम सहा.

आदल्या रात्री मी गिरणीचा जिना चढलो.
त्यांचा नऊ नंबर पेनल्टी कुठल्या बाजूला मारतो रे?
तो नखं कापत होता.
'तें म्हाका विचारूं नाकात, सर.'
राग आला.
अर्धा जिना उतरेपर्यंत टिकला.
मग वाटलं, बरं झालं,
आमचा बांधही हा कुणाला सांगायचा नाही.

दुसऱ्या दिवशी चपला घालून आला, कुंपणावर बसला.
गोकुळदासच्या मोज्यांचा अंगठा फाटलेला,
वर चिकटपट्टी, ती सैल होत चाललेली.
मेल्रॉयने पिशवीतून आपले मोजे काढले
आणि काही न म्हणता त्याच्या मांडीवर ठेवले.
न लिहिता दिलेल्या, न मोजता घेतलेल्या पैशांना
आम्ही हातउसने म्हणतो.
चाळीस वर्षं हिशेब लिहितोय,
शब्द हातांत घातलेला पहिल्यांदा पाहिला.

शहाऐंशीव्या मिनिटापर्यंत एक-एक.
चेंडू बांधावर आपटून उडाला,
गोकुळदास आधीच तिथे.
चेंडू परत आला.
तेव्हा तो नव्हता.

कुंपणावर मेल्रॉय उभा राहिला होता,
दोन्ही हात पुढे, उघडे, रिकामे.
त्याचा क्लब जिंकला होता.
त्याचे मोजे हरले होते.
चेहरा बघायला हवा होता मी,
पण मी घड्याळ बघत होतो.

आम्ही तिसऱ्यात गेलो.
एक एप्रिलला तो पहिल्या कदंबने गेला,
मोजे गोकुळदासच्या दोरीवर वाळत राहिले.
फोन केला. 'आसूं दी,' म्हणाला.
मागे शिट्टी वाजत होती, ठेवून दिला.

जूनमध्ये दुसऱ्या एका क्लबाचं पत्र आलंय,
स्ट्रायकर हवाय का, सहा महिन्यांसाठी?
या वेळी आधी कलमं वाचली.
मोजे मात्र अजून कुठल्याच रकान्यात बसत नाहीत,
जमेत नाहीत, देण्यातही नाहीत.
गोकुळदास ते घालून सिलिंडर उचलतो.
पकड चांगली आहे म्हणतो,
पावसात सुद्धा.