बाराबंदीचं माप

संक्रांत तोंडावर. मशीनखाली पांढऱ्या चिंध्यांचा ढीग,
आणि उंबऱ्यात ही पोरगी. बाळीवेशीतली, बसवश्री.
"मावशी, माझ्या मापाची बाराबंदी शिवा की ओ.
गड्ड्याच्या आधी पायजे."

बाकावर मलप्पा बिराजदार.
चहाची बशी ओठांपाशी थांबली.
"पुरुषाचं कापड हाय ते, पोरी."
रागानं नाही म्हणाले.
चुकीच्या फलाटावरच्या माणसाला सांगावं, तसं.

मी गळ्यातली टेप काढली, पुन्हा घातली.
"कशाला गं तुला?"
वाटलं, नवस म्हणेल. भाऊ नाही म्हणेल.
तसलं काही असतं, तर मलाही सोपं गेलं असतं.
"आवडते," म्हणाली. एवढंच.

आता आवडण्याला काय उत्तर देणार?

माझी शाळा सातवीपर्यंत. व्याकरण तेवढं पक्कं.
गडीमाणूस घालतो ती टोपी, ती बंडी,
ती विजार, घरात ती लुंगी.
बाईचा तो पदर, तो झंपर, तो परकर.
आणि बाराबंदी? ती.
भाषेनंच अशी अदलाबदल करून ठेवलीय,
बाईंनी फळ्यावर लिहिली तेव्हा
वर्गात कुणी हरकत घेतली नव्हती.

गावभर माग चालतात. पलीकडच्या गल्लीत
रात्री झोपही त्या खडखडाटातच लागते.
ताण्याला कुणी विचारत नाही,
बाबा रे, तू कुणाच्या अंगावर जाणार?
तागा नुसता तागा असतो.
पुढचं सगळं कात्रीपासून सुरू होतं,
आणि कात्री चाळीस वर्षं माझ्या हातात.

म्हणजे आधी मास्तरांच्या हातात.
पुंडलिक मास्तर हंचाटे, उंची बेताची, माझ्याएवढीच.
लाकडी पुतळा परवडत नव्हता.
रात्री दार लोटून घ्यायचे, म्हणायचे, "उभी राहा."
लुगड्यावरूनच चढायची माझ्या अंगावर
उद्या न्यायची बाराबंदी.
एक एक बंद बांधत जायचे. "श्वास घे. धर. सोड."
काखेतली कळी ओढून बघायचे,
हात वर करायला लावायचे,
काठी पेलणाऱ्याचे हात वर जातात ना, तसे.
बारा गाठी. मग बारा सोडायच्या.
इस्त्री, घडी, वर्तमानपत्राचा कागद.
त्यांनी शिवण बघितली. मी भिंत बघितली.
आरसा पुढच्या खोलीत होता, गिऱ्हाइकांसाठी.

या पेठेतली एकही बाराबंदी
आधी माझ्या अंगावर न येता गेली नाही.
मलप्पांचीसुद्धा. अठ्ठ्याऐंशीची.
खिसा जरा खोल मागितला होता त्यांनी.

हे सांगावं का?
जीभ टाळूपर्यंत आली.
पण सणाच्या तोंडावर म्हाताऱ्या माणसाचं
अंगावरचं कापड कशाला उसवा.
"चहा गार होतोय, मलप्पा," म्हणाले.
त्यांनी फुंकर न घालताच संपवला,
आणि जाता जाता दारातून,
"खांद्यात सैल ठेव गं तिला. हात वर करताना काचतं."
ते पोरीला म्हणाले की मला,
अजून कळलं नाही.

वही काढली. खांदा, बाही, उंची.
छातीचा आकडा लिहिताना पेन अडलं नाही,
उगाच वाटलं होतं अडेल.
नावांच्या रांगेत सिद्रामप्पा, रेवणसिद्ध,
काशीनाथ दोनदा, आणि खाली
बसवश्री. अक्षर जरा मोठं आलं.

पोरगी पायरीशी चपला शोधत होती.
माझ्या हातात टेप तशीच.
एक टोक उजव्या खांद्यावर धरलं,
दुसरं मागं टाकलं. बोटं पोचेनात.
इतकी वर्षं उभी राहिले,
पण माझं माप कुठल्याच वहीत नाही.

"थांब गं जरा," म्हणाले,
"हे टोक धर."